पाच लाखाचं कार्ड आणि शुगरची गोळी

आज बाजाराच्या दिवशी आपल्या जिल्हा परिषद सर्कलच्या उमेदवाराचं भाषण ऐकलं आणि डोकं फिरलं. "दवाखान्याचा खर्च आता राहिलाच नाही, प्रत्येकाच्या खिशात पाच लाखाचं कार्ड आहे. निवडून द्या, तालुक्याला मल्टीस्पेशालिटी आणतो!" टाळ्या पडल्या. ज्यांनी मागच्या साली इलाजापायी बैल विकले, त्यांनीही वाजवल्या.

भाऊ, तुम्ही जिल्हा परिषदेला उभे आहात. मल्टीस्पेशालिटी तुमच्या हातात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र मात्र जिल्हा परिषदेकडेच असतं. त्याबद्दल एक शब्द नाही!

आमच्या मोठ्या मायला शुगर आहे. मेटफॉर्मिन काही कॅन्सरचं औषध नाही, स्वस्तातली गोळी. पण दवाखान्यात गेलं की "स्टॉक संपला, बाहेरून घ्या". बाहेर पैसे लागतात आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. तोवर ती एक दिवसाआड गोळी खायची, आम्हाला सांगायचीही नाही. वेचणीत पऱ्हाटीचा खुंट पायात गेला. हळद भरली, फडकं बांधलं, पुन्हा वावरात.

शुगरमुळे जखम चिघळली. मग यवतमाळ, मग ऑपरेशन. कार्ड चाललं, ऑपरेशनला पैसा लागला नाही, खोटं कशाला बोलू. २०२३ मध्ये फुले योजना, म्हणजे राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना, सगळ्यांना लागू करायचं ठरलं, दीड लाखाचे पाच लाख झाले. गावातल्या एकाची अँजिओप्लास्टी फुकटात झाली, तो आज ट्रॅक्टर चालवतो. मान्य.

पण मोठ्या मायचा अंगठा अन् बाजूची बोटं गेली ना! योजनेला भरती झालेला पेशंट दिसतो. ओपीडी, रोजची गोळी, दर महिन्याची रक्ततपासणी, रात्री केलेल्या गाडीचं भाडं, सोबत्याची बुडालेली मजुरी, हे सगळं घरूनच. बोट कापायला सरकारकडे पैसा आहे, वाचवायला गोळी नाही. हा कुठला हिशेब बाप्पा?

जरा जास्तच चिडून लिहितोय. दवाखान्यातल्या माणसांवर राग नाही. आमची आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरून तिशीच्या वरच्यांचे शुगर-बीपीचे फॉर्म भरते. डॉक्टर मॅडम ओपीडी, बाळंतपण, मीटिंगा, सगळं एकट्या ओढतात. मोठ्या मायची ड्रेसिंग त्यांनीच स्वतः केली, घाई न करता.

पण १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरही फुकट झाला, आणि त्या फुकटच्या केसपेपरवर लिहून काय मिळतं? बाहेरून आणा.

आपल्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या दवाखान्यासाठी गावं ज्वारी जमा करायची, त्यावर गावाचा आरोग्य विमा चालायचा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे पैसा कधी असतो अन् कधी नसतो, हे त्या लोकांना ठाऊक होतं. आमच्या उमेदवाराला बॅनरचा फोटो कुठून चांगला येतो ते ठाऊक आहे.

गुरुवारी त्यांची प्रचाराची गाडी आमच्या गावात येते आहे. मोठी माय म्हणते, "काहून भांडून राह्यला रे, त्यायले चहा पाज." पाजू चहा. पण शुगर-बीपीच्या गोळ्या किती आल्या, किती उरल्या, हे दर सोमवारी दवाखान्याच्या फळ्यावर लिहून लावाल का, एवढं चारचौघांत विचारणार आहे. ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांनी समाजमंदिरापाशी या, आपापली चिठ्ठी घेऊन.