जेवणानंतरचे दोन तास

एखाद्याच्या तारुण्याची मोडतोड करायची असेल तर त्याला आधी पळून जाता येणार नाही अशा जागी बसवावं. कोथरूडमधली पॅथॉलॉजी लॅब त्यासाठी उत्तम. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालेलं असतं, नाश्ता पोटात गेलेला असतो, आणि दुसरं रक्त बरोबर दोन तासांनीच घेणार असल्यामुळे माणूस घरीही जात नाही आणि चहाही पिऊ शकत नाही. त्यात परवा माझ्या इअरफोननी फोनशी असलेलं नातं अचानक तोडलं, आणि कोपरात कापूस दाबून बसलेल्या त्या सगळ्या मंडळींवर जो कॉकर हा इंग्रज गायक फुल आवाजात ओरडला, ‘अनचेन माय हार्ट’.

मी घाईघाईनं फोन गप्प केला. शेजारी एक काकू स्टीलच्या डब्यातून उपमा खात होत्या. सत्तरीच्या पुढच्या, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी चमचा चाटला आणि म्हणाल्या, “पण हे रे चार्ल्सचं.”

“नाही हो काकू, हा जो कॉकर आहे.”

“गातोय तो असेल. गाणं रे चार्ल्सचं. एकसष्ट साल. मी नववीत होते.”

इथे काही गोष्टी सांगायला हव्यात. रे चार्ल्स हा कॉकरच्या आधीचा अमेरिकन गायक. कॉकरचं ‘अनचेन माय हार्ट’ 1987 चं. त्याची कॅसेट मी कॉलेजात असताना कॅम्पातून आणली, आणि एका मुलीमुळे जे काही व्हायचं ते झाल्यावर हॉस्टेलच्या गच्चीवर ती इतकी वाजवली की टेप ताणून कॉकर शेवटी शेवटी आणखीनच घोगरा झाला. ती मुलगी आता औंधला असते, भेटली तर छान बोलते. पण ते दुःख अस्सल होतं, आणि ते मी ज्या गळ्यातून ऐकलं तो गळा अस्सल आहे असं मी धरून चाललो होतो. इतक्या वर्षांनी उपम्याच्या वासात कोणी सांगावं की तुझं दुःख सेकंडहँड आहे, याला काय म्हणायचं?

“एखादं गाणं घेतलं असेल,” मी म्हणालो. “बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प’ त्यानं घेतलं होतं, ते मला माहीत आहे. पण काय करून ठेवलंय त्याचं! बीटल्सनी कसं उड्या मारत गायलंय, आणि यानं ते संथ करून अक्षरशः पिळून काढलं. 1968 मध्ये इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात तर...”

“बघितलंय. हात फार वेडेवाकडे करतो. दुसरं सांग.”

काकू ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आल्या ते मला कळलं नाही. पुण्यात अज्ञान सिद्ध झालं की माणूस वयानं आपोआप लहान होतो.

“‘यू आर सो ब्यूटिफुल’,” मी म्हणालो. माझ्या मते हे अभेद्य होतं. तो शेवटी आवाज फुटतो ना, तो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही.

“बिली प्रेस्टन. चौऱ्याहत्तर.”

“अहो, कॉकरचंही चौऱ्याहत्तरचंच आहे!”

“तेच म्हणते मी. त्याच वर्षी! शाई तरी वाळू द्यायची.”

काकूंच्या पलीकडे त्यांचे यजमान बसले होते. खरे पेशंट तेच. काकू नुसत्या सोबतीला आल्या होत्या, म्हणजे तो उपमाही त्यांनी हौसेनं खाल्ला होता. काका शब्दकोडं सोडवत होते आणि त्यांना ऐकू येत नसावं असा माझा समज होता. काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. “अहो, ‘फीलिंग ऑलराइट’ त्या ट्रॅफिक बँडवाल्यांमधल्या कोणाचं हो?”

“डेव्ह मेसन,” काका मान वर न करता म्हणाले. आणि कोणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, “‘द लेटर’ बॉक्स टॉप्सचं. सदुसष्ट. ‘क्राय मी अ रिव्हर’ ज्यूली लंडन. पंचावन्न.” आणि त्यांनी आडवे सात भरले.

समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ आता उघडउघड ऐकत होते. रिसेप्शनवरच्या मुलीनं टोकन पुकारायचं थांबवलं होतं. मी खिंडीत सापडलो होतो आणि माझ्या दुसऱ्या रक्ताला अजून सव्वा तास होता.

“आणि ते...” काकूंनी आवाज खाली आणला. “ते टोपीचं. तेही त्याचं नाही हं.”

“‘यू कॅन लीव्ह युअर हॅट ऑन’?”

“हळू बोल. लॅब आहे. रँडी न्यूमन. बहात्तर.”

मी शेवटचा मोहरा काढला. ‘अप व्हेअर वी बिलाँग’. 1982, सिनेमासाठीच केलेलं, त्याआधी कोणीही गायलेलं नाही. हे तरी? काकूंनी विचार केला. डब्याचं झाकण लावलं. “हो, ते त्याचं,” त्या म्हणाल्या, आणि मी सुटकेचा श्वास घेणार इतक्यात, “पण अर्धंच. त्यात बाई आहे की एक. जेनिफर वॉर्न्स. आणि ऑस्कर लिहिणाऱ्यांना मिळालं, या दोघांना नाही.”

मग मी त्याची गरिबी काढली. दुसरं काय करणार? म्हटलं, काकू, शेफिल्डमध्ये गॅसफिटर होता तो. दिवसा गॅसचं काम करायचा, रात्री पबमध्ये गायचा. रे चार्ल्स त्याचा देव होता, ही काय चोरी म्हणायची?

“गॅसफिटर?” काकांनी पहिल्यांदा मान वर केली. “बरोबर आहे मग. गॅस दुसऱ्याचा, शेगडी दुसऱ्याची, जोडणी याची.”

समोरचे गृहस्थ हसले. त्यांचा आणि रॉक संगीताचा काडीचा संबंध नव्हता, पण ते हसले. याचा मला अजूनही राग आहे.

मी इरेला पेटलो. म्हटलं, मग गीतरामायणाचं काय? आपण सगळे बाबूजींच्या आवाजात ऐकतो. पण 1955 मध्ये आकाशवाणी पुण्यावर ते आठवड्याला एक असं लागायचं तेव्हा छप्पन्न गाणी अनेकांनी मिळून गायली होती. सीतेची माणिक वर्मांनी. मग बाबूजींनी नंतर गायली ती काय म्हणायची?

लॅबमध्ये शांतता पसरली. कोथरूडमध्ये गीतरामायणाला हात घालणं धोक्याचं असतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं ते रागानं नाही, कीव केल्यासारखं. “अरे, चाल त्यांचीच होती ना? स्वतःच्या घरात शिरायला कोणी बेल वाजवतं का? ज्यानं रचलं त्याचं गाणं. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. संपलं.”

ज्यानं रचलं त्याचं गाणं. हे वाक्य मी धरून ठेवलं आणि फोन काढला. लॅबमध्ये रेंज नव्हती म्हणून जिन्यात जाऊन शोधलं, आणि मला हवं ते सापडलं. ‘अनचेन माय हार्ट’ रे चार्ल्सनं रचलेलंच नाही! ते बॉबी शार्प नावाच्या माणसाचं. त्याला व्यसन होतं, पैशांची नड होती, म्हणून त्यानं ते 50 डॉलरला टेडी पॉवेल नावाच्या माणसाला विकलं. त्या पॉवेलनं वर गीतकार म्हणून स्वतःचंही नाव लावलं. मी परत आत आलो आणि हे सगळं काकूंना उभ्यानंच वाचून दाखवलं.

“मग?” काकू म्हणाल्या.

“मग ते रे चार्ल्सचंही नाही!”

“ते वेगळं.”

आता यावर काय बोलणार? पुण्यात वाद जिथे संपतात त्या दगडावर हेच दोन शब्द कोरलेले असावेत. ते वेगळं. का वेगळं, तर त्यांनी ते नववीत ऐकलं म्हणून. मग मी हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकलं त्याला काहीच किंमत नाही? पहिलं गाणं कुठलं, तर जे आपण पहिलं ऐकलं ते, असाच हा न्याय असेल तर कॉकरही सुटतो आणि मीही. पण नाही. ही सवलत फक्त काकूंना.

बरं, त्या बॉबी शार्पचं मात्र मनातून जाईना. कॉकर गेला 2014 मध्ये, रे चार्ल्स त्याच्याही दहा वर्षं आधी, दोघांची नावं जगाला पाठ. ज्यानं मुळात ‘माझं काळीज सोडव’ असं लिहिलं त्याला 50 डॉलर. कॅसेटच्या कागदावर निदान कंसात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत का होईना, लिहिणाऱ्याचं आडनाव असायचं. आता ॲपवर गायकाचा फोटो भिंतीएवढा, आणि गाणं कोणाचं हे पाहायला तीन ठिपके दाबा, मग खाली सरका, मग चष्मा लावा. आकाशवाणीवर बाई आधी कवीचं नाव सांगायच्या, मग संगीतकाराचं, मग गायकाचं. आम्ही लहानपणी कंटाळायचो, गाणं लाव की एकदाचं म्हणायचो. आणि त्याच्याही आधीच्या लोकांनी तर बंदोबस्तच करून ठेवला होता. भीमसेन जोशी गावोत की आळंदीच्या वाटेवरचा वारकरी, शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’ गावंच लागतं. ख्याल रचणाऱ्या सदारंगची बंदिश कितीही पिढ्या गेल्या तरी सदारंगचं नाव घेऊनच समेवर येते. गाणाऱ्याची काय बिशाद मालकाचं नाव गाळायची! कॉकरच्या शेवटच्या ओळीत ‘शार्प म्हणे’ असतं तर मला हा शनिवार दिसलाच नसता.

काकांचं नाव पुकारलं गेलं. ते आत जाऊन आले, कापूस दाबत, शब्दकोडं काखेत. दोघं निघाली. माझ्या पिढीत मोठ्यांना दारापर्यंत सोडायची पद्धत आहे म्हणून मी उठलो. रॉड स्टुअर्टचा विषय मी मुद्दामच काढला नव्हता. त्यानं गायलेलं ‘सेलिंग’ मला आणखी काही वर्षं वापरायचं आहे. पण काका वाकून सँडलचा पट्टा लावत होते, त्यांना वेळ लागत होता, आणि रिकाम्या वेळात माणूस गुणगुणतो. मीही गुणगुणलो, नुसतं नाकातून, एकच ओळ.

काकांनी पट्टा लावला, कठडा धरला आणि दोन पायऱ्या उतरून म्हणाले, “सदरलँड ब्रदर्स. बहात्तर.”

“अहो, असू दे ना आता,” खालून काकूंचा आवाज आला. “बिचारा.”