यंदा मालवण फिक्स!

दिवाळी झाली की फॅमिली ग्रुपवर दाजींचा मेसेज पडतोच, ‘यंदा मालवण फिक्स!’ खाली सतरा अंगठे. मग गगनबावड्यानं जायचं की राधानगरीवरनं फोंडा घाट उतरायचा, यावर चार दिवस काथ्याकूट. अहो, घाट कुठलाबी उतरा, समुद्र तिथंच हाय की! मामींची संकष्टी आडवी येते, भाच्याची टेस्ट, आणि काकांना सुरमई थाळीचा दर आत्ताच पाहिजे.

महाराजांनी १६६४ ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ ला भर समुद्रात किल्ला उभा. आमची सहा वर्षांत गाडी ठरंना! मला नुसती दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायचीय ओ. चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं, हे डोळ्यांनी बघायचंय. (सोलकढीही प्यायचीय, खोटं कशाला बोलू.)

गेल्या वर्षी ठरता ठरता जून उजाडला. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. शेवटी गेलो कुठं? रंकाळ्यावर. कागदातली भेळ खात, मिरची बाजूला काढत दाजी म्हणतात कसे, ‘पाणी ते पाणीच की!’