कोणत्या ॲपनं केलं?

मोबाईलवरचा फोटो पाहून पेन्सिलीनं काढलेलं चित्र दाखवा, प्रश्न ठरलेला: "काहून भाऊ, कोणत्या ॲपनं केलं?" अरे बाप्पा, बोटं तं पाहा माझी! ६बी ही नरम, काळी पेन्सिल घासू घासू काळी पडली.

अन् ज्याले हातानं काढलं हे पटते, तो म्हणते, "मंग हे चौकोन कायचे? फोटो फाटला तुमचा." फाटला नाही राजेहो, ते चौकोन मुद्दाम काढले! जेपीईजी, म्हणजे फोटो लहान करून साठवायची पद्धत, फोटो दाबते तवा त्याचे ८×८ पिक्सेलचे (बारीक ठिपक्यांचे) तुकडे पाडते. ग्रुपाग्रुपातून फिरून आलेल्या फोटोत तेच ठोकळे दिसते. एकेक ठोकळा २एच या कडक, फिक्या पेन्सिलीनं, कड न सुटू देता भरा म्हणजे समजन. विया सेल्मिन्स या चित्रकार बाईनं १९६९ मध्ये, लूना ९ यानानं चंद्रावरून पाठवलेला फोटो ग्रॅफाइटनं, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशानं, कागदावर उतरवला. तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. तिले कोणी ॲप इचारलं नसन.

आमच्याइकडची ऑर्डर म्हणजे, "आबाजीचा काढून द्या, पण मोबाईलवाला गोरा पाहिजे." जलमभर उन्हात कापूस येचलेल्या माणसाचे गाल फिल्टरनं लोण्यासारखे करून आणते, कपाळावरच्या आठ्या सफाचट, अन् वरून मलेच इचारते, "आबाजीसारखे काहून नाही दिसत हो?"