त्रेपन्नावा गडी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी पुन्हा भांडण पेटलं. निमित्त पुतण्याचं. जिल्ह्याच्या कबड्डी संघाच्या निवड चाचणीला तो गेला होता, बारा जणांत नाव आलं नाही. फळ्यावर लागलेल्या यादीचा फोटो कोणीतरी टाकला आणि झालं सुरू. "वशिला लागतो भो." "एकाच तालुक्याचे पाच कसे काय?" "पोर्‍यानी तयारी कमी पडनी," असं एका काकांनी लिहिलं, तर त्यांना रात्री उशिरापर्यंत कोणी सोडलं नाही. मी सगळे निरोप खालपासून वरपर्यंत वाचले. पुतण्या डाव्या कोपर्‍यात खेळतो. त्याने चाचणीत कोणाचा घोटा धरला, कोण त्याच्या हातून निसटला, याबद्दल एक ओळ नव्हती. असणार कशी? ती चाचणी आमच्यापैकी कोणी पाहिलीच नव्हती.

हे वाचत मी बसलो होतो विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावात, ॲल्युमिनियमच्या बाकावर. इथे सकाळचे साडेदहा, आमच्या गावी अमळनेरात रात्रीचे नऊ. समोर रे निट्श्की मैदानावर ग्रीन बे पॅकर्सचा सराव चालू. हा आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. चेंडू लिंबासारखा दोन टोकांचा, खेळ बराचसा हातांचा, आणि अंगावर अंग आदळण्याला बंदी नाही. जुलैच्या शेवटी शिबिर लागतं. शिबिराला गडी येतात नव्वद. ऑगस्टच्या शेवटी एका मंगळवारी दुपारी तीनच्या आत त्या नव्वदांचे त्रेपन्न करायचे. बाकीच्यांतल्या सोळाएक जणांना सरावापुरतं ठेवून घेतात. उरलेल्यांनी बॅगा भरायच्या.

माझ्या शेजारी दरवर्षी एक म्हातारा बसतो. कागद गिरणीतून निवृत्त झालेला, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. इथली रीत म्हणून मी त्याला नावाने हाक मारतो, पण तोंडात दर वेळी 'आप्पा' येतं. पहिल्या वर्षी मी त्याला क्वार्टरबॅकबद्दल काहीतरी विचारलं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा म्होरक्या, सगळ्यात महागडा गडी. म्हातार्‍याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, त्याचं काय बोलायचं, तो राहणारच आहे. आणि पेन्सिलीने मैदानाच्या पार पलीकडच्या कोपर्‍याकडे बोट केलं. तिथे एक जण वाकून, दोन पायांच्या मधून, चेंडू पंधरा यार्ड मागे फेकत होता. पुन्हा वाकत होता, पुन्हा फेकत होता. एवढंच त्याचं काम. त्या जागेला लाँग स्नॅपर म्हणतात. मोसमभर त्याचं नाव कोणाच्या तोंडी नसतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्याच्या हातून घोटाळा झालेला असतो. म्हातार्‍याच्या वहीत त्याच्यासाठी वेगळं पान होतं. चेंडू किती वेळा कमरेच्या उंचीला गेला, किती वेळा गुडघ्याला, नुसत्या उभ्या रेघा. पाचवी रेघ आडवी. आमचे आबा कापसाच्या गाठी अशाच मोजायचे.

शिबिरातल्या गप्पा या अशा असतात. जे ठरलेले चाळीस-पंचेचाळीस आहेत त्यांच्यावर वेळ घालवत नाहीत. वाद असतो तो पन्नासाव्यापासून त्रेपन्नाव्यापर्यंत. तो झेल घेणारा पोरगा उंच आहे, हात चांगले आहेत, पण लाथेने उडवलेल्या चेंडूमागे धावताना शेवटच्या दहा पावलांत ढिला पडतो. संघात टिकायचं तर ते धावणंच कामाचं, कारण पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या झेलवाल्याला चेंडू कोण देतंय? तासभर हा वाद चालला. एक बाई म्हणाल्या, ढिला पडत नाही, वळण घ्यायला जागा ठेवतो. दुसर्‍या दिवशी त्या मुद्दाम त्याच धावण्याकडे डोळे लावून बसल्या. संध्याकाळी कबूल केलं, पडतो ढिला.

मला या खेळाचे सगळे नियम आजही येत नाहीत. पण समोरासमोर भिडणार्‍या अवजड गड्यांचे पाय मी कबड्डीवाल्याच्या नजरेने पाहतो, आणि टाच कोणाची आधी उचलली जाते ते मला म्हातार्‍याच्या आधी कळतं. एवढी एकच फुशारकी.

ग्रीन बे हे अमळनेराएवढंच गाव म्हणा, लाखभर वस्तीचं. एवढ्याशा गावाचा संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी भिडतो, १३ वेळा लीग जिंकतो, ते कसं? तर संघाचा मालक कोणी शेठ नाही. १९१९ साली इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या मांस डबाबंद करणार्‍या कारखान्याने खेळाडूंच्या कपड्यांना पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. (त्या 'इंडियन'शी आपलं काही नातं नाही, मी पहिल्या महिन्यातच खात्री करून घेतली.) १९२३ पासून संघ शेअरवर चालतो. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. २०२१ च्या विक्रीत एक शेअर तीनशे डॉलरला होता. त्यावर लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, मैदानाचं तिकीटसुद्धा त्यावर मिळत नाही. तरी लोक घेतात, चौकट करून भिंतीला लावतात.

हे मी फोनवर दादाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की वहिनी विचारायला आल्या काय झालं. अमळनेरच्या माणसाला शेअर शिकवू नये. १९४५ साली आमच्या गावात तेलाची गिरणी म्हणून निघालेली विप्रो पुढे कुठल्या कुठे गेली, आणि कोणी शेअर राखले, कोणी विकले, याच्या गोष्टी गावात अजून चालतात. आबांनी आपले विहिरीसाठी विकले. विहिरीला पाणी लागलं, हे आजी शेवटपर्यंत बजावून सांगायची. "न विकता येणारा शेअर?" दादा म्हणाला, "आबाले तोच पाहिजे व्हता."

हसण्यावारी गेलं, पण त्या कागदाने एक गोष्ट होते. सरावाला बसलेला म्हातारा बघ्या नसतो. जुलैमध्ये भागधारकांची सभा होते, हिशेब मांडतात. माझ्या पैशाने चाललंय, मग मी नीट बघेन, असं त्याचं तिथे बसणं असतं.

आमच्याकडे बघायला मिळतच नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. दहावीनंतरच्या वर्षी मीही अशाच एका चाचणीला गेलो होतो. संस्थेचं नाव सांगून आता काही उपयोग नाही. पहाटेच्या एसटीने निघालो, सोबत भाकरी आणि ठेचा. शंभराच्या वर पोरं होती. उन्हात उभं करून दुपारी दोन वाजता आम्हाला दहा-दहा मिनिटं खेळवलं. निवड करणारे मंडपात चहा घेत होते, त्यातले दोघे मैदानाला पाठ करून. चार वाजता यादी लागली. टाइपरायटरवरची, कार्बनची जांभळी प्रत. मी माझं नाव शोधत खालपर्यंत गेलो, नाव नव्हतं, म्हणून पुन्हा वर आलो. वरच्या कोपर्‍यात तारीख होती. आदल्या दिवशीची.

मी वाईट खेळलो असेन. शक्य आहे. पण ते मला आजतागायत ठाऊक नाही. ग्रुपवर 'वशिला' हा शब्द पहिल्या मिनिटाला का येतो, ते त्या तारखेमुळे मला समजतं. डोळ्यांना काही दाखवलंच नाही तर माणूस नात्यागोत्यांचाच हिशेब करणार.

लोक म्हणतील, जिल्ह्याच्या संघावरून एवढा आटापिटा कशाला? कारण आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. वरच्या स्पर्धांपर्यंत पोचलं, पदक आलं, प्रमाणपत्र आलं, तर पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे धावणार्‍या हजारो पोरांच्या रांगेत तुमचं पोर वेगळ्या रांगेत उभं राहतं. त्या वाटेचं पहिलं दार म्हणजे ही बारा नावं. इतकं पणाला लागलं की निवड झाकूनच होणार, असं आमचे एक आण्णा म्हणतात, आणि ते अनुभवाने म्हणतात. पण मला पटत नाही. ग्रीन बेच्या मैदानावर काय कमी पणाला लागलेलं असतं? २०२४ च्या मोसमात नवख्या गड्याचा वर्षाचा किमान पगारच सात लाख पंच्याण्णव हजार डॉलर होता. चोपन्नाव्याला त्यातलं काही नाही. तरी सराव उघड्यावर, बाकावर बसायला पैसे नाहीत.

आणि उघड्यावर निवडणं हे अमेरिकेकडूनच शिकायला हवं असंही नाही. गावच्या यात्रेतल्या कुस्त्या आठवा. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत जोड लागते ती सगळ्यांदेखत. दोघांना मैदानात फिरवतात, लोक ओरडतात, "जोड जमत नाही, हा भारी आहे," आणि पंचांना ऐकावं लागतं. सरपंचाचा पोरगा असला तरी पाठ मातीला लागली की लागली. फडातून परतताना लोक डावांबद्दल बोलतात. तेच लोक, त्याच गावचे. कबड्डीच्या यादीपाशी आले की त्यांची भाषा बदलते.

आता इथलं सगळं गोड आहे असं नाही. माणसाच्या शरीराबद्दल इतक्या थंडपणे बोलणारे लोक मी आधी पाहिले नव्हते. त्याचा गुडघा गेलाय, याचं मांडीचं स्नायू-दुखणं जुनं आहे, एकोणतिसाव्या वर्षी आता काय राहिलं. बैलबाजारात दात पाहून बोलतात तसं. सरावात हल्ली बर्‍याच जणांच्या शिरस्त्राणावर आणखी एक फुगीर मऊ टोपी असते, गार्डियन कॅप म्हणतात. मैदानभर अळंब्या उगवल्यासारख्या दिसतात. लोक त्या टोप्यांना हसतात. टोपी कशासाठी आहे हे माहीत असूनही हसतात, आणि मला तिथे अवघडायला होतं. शिवाय सगळंच काही उघड नसतं. शिबिराचे शेवटचे सराव बंद दाराआड होतात, आणि त्रेपन्न ठरतात ते खोलीतच. ज्याला काढायचं त्याच्याकडे एक माणूस येतो, त्याला खेळाडू 'द टर्क' म्हणतात. तो एवढंच सांगतो, कोचने बोलावलंय, प्लेबुक (डावांची वही) घेऊन या. १९९४ च्या शिबिरातून पॅकर्सनी कर्ट वॉर्नर नावाच्या क्वार्टरबॅकला असंच घरी पाठवलं. तो मग आयोवातल्या किराणा दुकानात रात्रीच्या पाळीला फळ्यांवर माल लावायचा. पुढे जानेवारी २००० मध्ये दुसर्‍या संघाकडून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली. म्हातारा त्या वर्षीही सराव बघायला येत होता. मी विचारलं, तुमच्या वहीत काय होतं त्याच्याबद्दल? म्हणाला, काही नाही, त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

पुतण्याला मी फोन केला. म्हटलं, चाचणी अशी सगळ्यांसमोर झाली असती तर? आईबाप, गावची माणसं, सगळे कडेला बसलेत. मला वाटलं तो हो म्हणेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मना पाय सटकना ते कोणी मोबाईलवर टाकी दिन मंग?" हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या वेळी घसरलेला पाय मैदानातच राहायचा. मी सांगितलं, इथे सांघिक डावांच्या सरावाचं चित्रण प्रेक्षकांना करू देत नाहीत. "आपलाकडे कोण ऐकस?" तो म्हणाला. बरोबर आहे. त्यामुळे माझी मागणी मी थोडी खाली आणली आहे: गर्दी नसली तरी चालेल, पण निदान निवडणार्‍यांनी मैदानाकडे तोंड करून बसावं, आणि कोणाला का घेतलं, कोणाला का नाही, हे त्या पोरांना समोर बसवून दोन वाक्यांत सांगावं. पुतण्याला आजही कोणी काही सांगितलेलं नाही. तो पहाटे पाचला उठून धुळे रोडला पळतो, आणि काय सुधारायचं ते माहीत नसल्यामुळे सगळंच सुधारतो.

शिबिरात इथे एक जुनी रीत आहे. पोरं आपापल्या सायकली घेऊन रांगेत उभी राहतात आणि खेळाडू लॉकररूमपासून मैदानापर्यंत त्या सायकलींवरून जातात. पोरगं बाजूने त्याचं शिरस्त्राण दोन्ही हातांनी पोटाशी धरून पळतं. माझा नऊ वर्षांचा मुलगा यंदा चार दिवस उभा राहिला. चौथ्या दिवशी एक दीडशे किलोच्या घरातला गडी त्याच्यापाशी थांबला. गुडघे हनुवटीपर्यंत, मागचं चाक बसलेलं, हँडलची एक निळी झिरमिळी त्याच्या पंजात तुटून आली. तो इतका ओशाळला की दुसर्‍या दिवशी स्वतः त्याला शोधत आला. त्यानंतर रोज हाच गडी, हीच सायकल. मुलाने म्हातार्‍याकडून एक जुनी वही मिळवली आणि त्याच्या नावाच्या रेघा ओढायला लागला.

शिबिरात नव्वद गडी असल्याने नंबर पुरत नाहीत. एकच नंबर दोघांना देतात, एक आक्रमणातला, एक बचावातला. आमच्या गड्याच्या नंबरचा आणखी एक होता.

मंगळवारी दुपारी यादी आली. मुलगा बाहेरून खेळून आला तेव्हा मी ती फोनवर उघडून ठेवली होती. त्याने बोट वरून खाली नेलं, एका जागी थांबवलं.

"आहे की नंबर," मी म्हणालो.

"हा तो दुसरा," तो म्हणाला, आणि बोट तिथेच ठेवून नाव वाचत राहिला.