ब्रेक ऑइल ‘सीलबंद’ नसतं, दाजी

गेल्या रविवारी ताईचा कराडहून फोन आला. ‘यंदा सर्व्हिसिंगचे चार हजार वाचले. ह्यांनी नुसतं इंजिन ऑइल बदलून घेतलं, बाकी सगळ्याला नको म्हणून सांगितलं.’ कशावरून, असं विचारलं तर म्हणाली, घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता. ‘सर्व्हिसिंग म्हणजे लूट! हे सात मुद्दे वाचा, हजारो रुपये वाचवा.’ तो मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांतून आलाय आणि तिन्ही वेळा मी दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. ताई-दाजी गणपतीला दोन्ही मुलांना घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणार आहेत. आता गप्प बसणं शक्य नाही.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण तो जिवाशी खेळणारा आहे. मेसेज म्हणतो, ‘ब्रेक ऑइल सीलबंद असतं, आयुष्यभर बदलावं लागत नाही. कमी झालं तर वरून टाका.’

यातलं एकही वाक्य खरं नाही. ऑइल म्हणतात म्हणून ते तेल समजू नका. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून वर्षभर थोडं थोडं पाणी त्यात मुरत राहतं. बॉनेट उघडून टाकीचं झाकण बघा, त्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. ही वर्गवारी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकातून आलेली आहे आणि जगभर चालते. त्यानुसार ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाही एवढ्या पाण्याने पासष्ट-पंचाहत्तर अंश गेले!

आता भरलेली गाडी घेऊन घाट उतरा. पाय सतत ब्रेकवर, डिस्क तापलेली, ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातून, द्रवापर्यंत पोचते. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, ते खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना माझं पेडल एका वळणाआधी स्पंजासारखं मऊ झालं, पुढच्या वळणाला जवळजवळ फरशीला टेकलं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. बायको शेजारी होती, ती काहीच बोलली नाही, फक्त तिने दरवाज्याचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा नीट लागायला लागला. हीच यातली फसवी गोष्ट आहे. गार झालं की सगळं ठीक वाटतं आणि माणूस तसाच पुढे जातो. त्या गाडीचं ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललेलं नव्हतं.

‘कमी झालं तर वरून टाका’ हे तर आणखी वाईट. पातळी खाली जाते ती बहुतेक वेळा ब्रेक पॅड झिजल्यामुळे, कारण पिस्टन पुढे सरकतो आणि त्यामागची जागा द्रव भरून काढतो. नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्हीकडे ती पातळी तुम्हाला इशारा देत असते. वरून भरलंत की तो इशारा पुसला. आणि घरात उरलेलं इंजिन ऑइल ओतलंत तर आतले रबरी सील फुगून सगळी सिस्टिमच निकामी होते.

मंगळवारी मी कराडला गेलो. दाजींच्या टाकीतला द्रव कडक काळ्या चहासारखा होता. ताजा फिकट पिवळसर असतो. गॅरेजवाल्याने पेनासारखा टेस्टर बुडवला, थेट लाल दिवा लागला. दाजींना मी काही बोललो नाही, त्यांनीच ‘बदलून टाक रे’ म्हटलं. अर्धा लिटरची बाटली आणि मजुरी मिळून साडेपाचशे रुपये झाले. आमच्या दोघांच्याही गाडीच्या पुस्तकात याची मुदत दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर दिलेली आहे.

बाकीचे मुद्दे भराभर. ‘मोफत सर्व्हिसिंगला पैसे घेतात.’ मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टरचे पैसे पडतात आणि कूपनवर तसं छापलेलं असतं. ‘१०,००० किलोमीटर झाले नाहीत तर सर्व्हिसिंग नको.’ पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. रोज भाजी आणायला दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल साठत जातं. ‘ऑइल काळं झालं तरी चालतं.’ नुसत्या रंगावरून ऑइल खराब ठरत नाही, हे बरोबर. डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळं होतं. पण म्हणून २५,००० किलोमीटर चालवा, हे कुठून आलं? ‘कूलंटऐवजी नळाचं पाणी टाका.’ बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात, आत गंज धरतो. रस्त्यात अडकलात तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला पाणी चालेल, तेवढंच.

सहावा मुद्दा मात्र मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसीचा स्प्रे, अंडरबॉडी कोटिंग असल्या गोष्टी बिलात घुसवतात. सर्व्हिस अॅडव्हायझरला टार्गेट असतं. माझ्याच एका बिलात न विचारता बाराशे रुपये असे लागले होते. पण त्यावर उपाय सर्व्हिसिंग टाळणं नाही. गाडी देताना जॉब कार्ड वाचून सही करा, अंदाजे खर्च लिहून घ्या, पुस्तकातल्या तक्त्यात नसलेलं काम सरळ खोडायला सांगा, काढलेला जुना फिल्टर परत मागा. पॅड किती उरलेत ते चाक काढलेलं असताना स्वतः बघा.

सातवा मुद्दा, ‘बाहेर काम केलं की वॉरंटी जाते म्हणून कंपन्या घाबरवतात.’ यातही तथ्य आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता आणि बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं बजावलं होतं. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल, अशी ती भूमिका होती. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. तर जा ना खुशाल ओळखीच्या गॅरेजात! बिलं जपून ठेवा, ऑइलचा ग्रेड पुस्तकाप्रमाणे टाकायला सांगा. आयोगाने सर्व्हिसिंग करू नका असं कुठेच म्हटलेलं नाही, आणि मेसेज मात्र तसं भासवतो.

ताई शुक्रवारी पहाटे निघणार आहे. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, हे दाजींकडून कबूल करून घेतलंय. त्या ग्रुपवर एकूण साठेक जण आहेत, त्यातले निम्मे कोकणात जाणारे. तुमच्यापैकी कोणी तो मेसेज वाचून ब्रेक ऑइलला नको म्हटलं असेल, तर निघण्याआधी बॉनेट उघडून टाकीतल्या द्रवाचा रंग बघा आणि शेवटचं कधी बदललं ते जुन्या बिलात शोधा.