थॅकरेंचं स्पेलिंग आणि ठाकऱ्यांचं आडनाव

निवडणूक जवळ आली की हा मेसेज हमखास वर येतो. दावा थोडक्यात असा: "ठाकरे हे मराठी आडनावच नव्हे, थॅकरे या इंग्रजी आडनावाची ती नक्कल आहे. आणि इंग्रजांचं थॅकरे तरी इंग्रजी कुठे? तो कादंबरीकार कलकत्त्यात जन्मला, त्याच्या घराण्याने बंगालच्या ठाकुरांचं नाव उचललं." शेवटी कुणीतरी कर्नाटकातल्या कित्तूरच्या लढाईत मारला गेलेला थॅकरेही जोडून देतं. पाठवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, की पहिलं वाक्य खरं मानलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. राजकारण बाजूला ठेवून फक्त आडनावाचं बोलू.

आधी बंगाल. तो कादंबरीकार, विल्यम मेकपीस थॅकरे, 18 जुलै 1811 रोजी कलकत्त्यात जन्मला, हे खरं. वडील रिचमंड कंपनीच्या नोकरीत होते, 1815 मध्ये वारले आणि पोराला इंग्लंडला धाडलं. पण घराण्याने भारतात पाऊल ठेवलं ते आजोबांच्या वेळी, 1766 मध्ये. आजोबांचं नावही विल्यम मेकपीसच. सिल्हेटला कलेक्टर झाले आणि कंपनीला हत्ती पुरवून त्यांनी बक्कळ पैसा केला. त्या आजोबांचे वडील टॉमस थॅकरे 1693 मध्ये यॉर्कशरमधल्या हॅम्प्सथ्वेटला जन्मले आणि पुढे हॅरो शाळेचे हेडमास्तर झाले. त्यांनी बंगाल पाहिलाही नव्हता, तरी आडनाव थॅकरेच. ठाकुरांकडून उचललं म्हणायचं, तर कुणी आणि केव्हा?

मुळात हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, आपल्याकडच्या 'कर'वाल्यांसारखं. यॉर्कशरच्या फ्यूस्टन भागात त्या नावाची वस्ती होती. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'थाक' म्हणजे छप्पर शाकारायचं गवत-लव्हाळं आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. शाकारणीचं गवत मिळतं तो कोपरा, एवढाच अर्थ. 'थॅकव्रे' असं एक स्पेलिंग अजून सापडतं. त्यातला न उच्चारला जाणारा डब्ल्यू हा त्या 'व्रा'चाच उरलेला अवशेष. ठाकूर शब्दातून हा डब्ल्यू कुठून काढणार?

शिवाय ठाकूर हे नाव इंग्रजांच्या कानावर पडलं की ते कसं लिहीत, याचा पुरावा त्याच कलकत्त्यात आहे. जोडासांकोच्या ठाकुरांचं, म्हणजे रवींद्रनाथांच्या घराण्याचं, त्यांनी 'टागोर' केलं. थॅकरे नाही केलं.

आता मराठी बाजू. प्रबोधनकारांनी, म्हणजे केशव सीताराम ठाकरे यांनी, इंग्रजी लिहिताना या कादंबरीकाराचं स्पेलिंग घेतलं ते त्याच्याबद्दलच्या आवडीपोटी, असं सर्वत्र सांगितलं जातं. ते मान्य. पण घेतलं ते स्पेलिंग. या घराण्याला धोडप किल्ल्यावरून धोडपकर आणि पनवेलवरून पनवेलकर म्हणत. शाळेत नाव घालताना वडिलांनी घराण्याचं जुनं आडनाव म्हणून ठाकरे लावलं, अशी हकीकत आहे. म्हणजे मुलाने इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या कितीतरी आधी.

आणि ठाकरे काय एकाच घरात आहेत? विदर्भात जाऊन पाहा. यवतमाळचे माणिकराव ठाकरे घ्या, किंवा 1998 ते 2000 भाजपचे अध्यक्ष असलेले, धारला जन्मलेले कुशाभाऊ ठाकरे घ्या. दोघांचं स्पेलिंग साधं, त्यात सी-के नाही, नुसता के. त्यांनीही इंग्रजाची नक्कल केली, असं कुणी म्हणत नाही. कारण स्पेलिंग साहेबी दिसत नाही, एवढंच.

बरं, त्या साहेबी स्पेलिंगचा पहिला अर्धा भाग, टी-एच-ए-सी-के, हाही मुंबईत नवा नव्हता. एस.एन.डी.टी.मधला शेवटचा टी म्हणजे ठाकरसी. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली, म्हणून त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. पाटीवर बघा, तिथेही सी-के आहे. खास कादंबरीकाराचं म्हणावं असं राहतं ते शेपूट, ई-आर-ए-वाय. खुद्द इंग्रज त्याचा उच्चार 'थॅकरी'च्या जवळ करतात.

"ई-आर-ए-वाय हेच अस्सल इंग्रजी रूप" असंही त्या मेसेजात असतं. तेही नाही. यॉर्कशरमध्ये जाल तर थॅक्रे, म्हणजे मधला ई गाळलेलं रूप, जागोजाग भेटेल. लीड्सला थॅक्रे वैद्यकीय संग्रहालय आहे. तिथलाच गायक जेक थॅक्रे. त्याच गावचा चार्ल्स टर्नर थॅक्रा आडनावाच्या शेवटी एच लावायचा. कोणत्या धंद्यातल्या कामगाराला कोणता आजार जडतो, यावर 1831 मध्ये पुस्तक लिहिणारा तो डॉक्टर. माझ्या मते या सगळ्या मंडळींत वाचण्यासारखा माणूस तोच, पण त्याच्यावर मेसेज फिरत नाहीत.

राहिलं कित्तूर. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे हा कादंबरीकाराचा सख्खा काका. त्याने कित्तूरचं दत्तक नामंजूर केलं आणि खजिन्याला सील ठोकलं. 23 ऑक्टोबर 1824 रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. त्या वेळी पुतण्या 13 वर्षांचा, लंडनच्या चार्टरहाउस शाळेत शिकत होता. आणि ज्यांनी पुढे त्याचं स्पेलिंग घेतलं, त्या प्रबोधनकारांचा जन्म 1885 चा.