नूडल्सचं पार्सल मागवणाऱ्यांनो, जरा ऐका

आज पार्सलचा डबा उघडला तर आत नूडल्स नव्हत्याच, ठोकळा होता. काटा घातला की अख्खा वर येतोय, डब्याचे चारही कोपरे अंगावर घेऊन. झाकणाला आतून पाण्याचे थेंब, तळाशी काळपट तेल, सिमला मिरची पार गळून गेलेली. आणि नंतर ग्रुपवर ठरलेलं वाक्य आलंच, ‘चायनीज हल्ली पूर्वीसारखं नाही राहिलं.’

अहो, चायनीजनं काय घोडं मारलंय तुमचं? कढईतून उतरवलेल्या नूडल्स तशाच गरम गरम बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडल्या की वाफेचं झाकणावर पाणी होतं आणि ते परत खालीच पडतं. नूडल्स ते पाणी पितात, फुगतात, वरचा स्टार्च चिकट होतो आणि गार होता होता सगळं एकमेकांना धरून बसतं. त्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास. कुठल्याही आचाऱ्याचा हात यापुढे चालत नाही. हक्का नूडल्स कढईतून ताटात आल्या की पाच-सात मिनिटांत संपवायच्या.

म्हणून गाडीवर उभं राहून खा. गाडी निवडताना बोर्ड बघू नका, उकडलेल्या नूडल्सची परात बघा. नूडल्स सुट्या, तेलाचा हलका हात फिरलेला, तर थांबा. तुकडे पडलेले आणि खाली पाणी दिसलं, तर पुढची गाडी. गाडी लागल्यावर लवकर गेलात तर नूडल्स ताज्या असतात, रात्री उशिरा तळाचा चुरा मिळतो. आणि आचारी एका कढईत चार प्लेट एकदम टाकत असेल तर आपली वेगळी करायला सांगा. माल जास्त झाला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी सगळं शिजत बसतं. तो धुरकट वास येतो तो मोठ्या आचेमुळे आणि कडक तापलेल्या कढईत जळणाऱ्या तेलामुळे, नुसत्या सॉसमुळे नाही.

मान्य, मुसळधार पावसात, रात्री दहाला ऑफिसातून आल्यावर कोण गाडी शोधत फिरणार? मागवा. पण मग ग्रेव्हीवालं काही मागवा आणि ग्रेव्ही वेगळ्या डब्यात सांगा. सुक्या नूडल्सच मागवल्या तर डबा हातात पडल्या पडल्या झाकण काढा, पसरट ताटात मोकळ्या करा आणि लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. मायक्रोवेव्ह नको. आजच्या ठोकळ्यावर कुणीतरी तोच प्रयोग केला, नूडल्स मधे गरम आणि कडेला चामड्यासारख्या झाल्या.

घरी करणं याहून सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. दोघांना १५० ग्रॅम सुक्या हक्का नूडल्स, दीड लिटर खळखळतं पाणी, चमचाभर मीठ. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी उतरवा. नखानं तोडून बघा, मधे बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. उकळत्या पाण्यात तेल घालू नका, ते तरंगतं आणि निथळताना वाहून जातं. निथळा, गार पाणी ओता, पुन्हा निथळा, मग एक चमचा तेल चोळून ताटात पसरा. अर्धा तास पंख्याखाली. ही पायरी गाळली की लगदा ठरलेला.

घरच्या गॅसची आच गाडीच्या भट्टीइतकी नसते, त्यामुळे एका वेळी एकाच माणसापुरतं करा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, दीड चमचा तेल, तीन-चार लसूण पाकळ्या बारीक चिरून. लसणीचा रंग बदलायच्या आत कांदा, उभं चिरलेलं गाजर, सिमला मिरची, शेवटी कोबी. भाज्या धुऊन पुसून कोरड्या केलेल्या हव्यात. मीठ आत्ता नाही, नाहीतर कोबी पाणी सोडतो. मिनिटभरात नूडल्स टाका. दोन चमचे सोया सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, थेट नूडल्सवर नाही. कडेवर तो चरचरतो, त्याचा कच्चा वास जातो. अर्धा चमचा व्हिनेगर, चिमूटभर पांढरी मिरी, चव बघून मग मीठ, कारण सोयात भरपूर असतं. वरून कांद्याची पात. झाकण ठेवायचं नाही, कधीच नाही!

आता ते दुसरे, ‘चीनमध्ये असलं काही मिळतच नाही’वाले. नाही मिळत, बरं. मग? हे खाणं कोलकात्याच्या टँगरा भागातल्या हक्का समाजाच्या चिनी लोकांच्या चुलीवरून आलंय. चिकन मंचुरियनचं श्रेय तर आचारी नेल्सन वँग यांना देतात, १९७५ साली, आपल्याच चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातलं. मुंबईत जन्मलेल्या पदार्थाला बीजिंगचा पासपोर्ट कशाला मागता?

रागाच्या भरात बरंच लिहिलं. असो. शेजवान चटणीचं सांगायचं राहिलं. पंधरा ब्याडगी आणि तीन-चार लवंगी मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा. पाव वाटी बारीक चिरलेली लसूण आणि थोडं आलं अर्धी वाटी तेलात मंद आचेवर परता, वाटण घाला, तेल सुटेपर्यंत हलवा, मग एक चमचा व्हिनेगर, थोडी साखर, मीठ. लसूण करपली तर सगळं टाकून द्या, तो कडवटपणा साखरेनं जात नाही. आणि बांगड्याच्या आमटीसाठी आणलेली तिरफळं घरात असतील तर चार-पाच घ्या, आतली काळी बी काढून टाका, सालं ठेचून शेवटी घाला. चीनच्या सिचुआन प्रांतातली (शेजवान नाव त्यावरूनच) जीभ बधिर करणारी मिरी तिरफळाच्याच कुळातली. गाडीवरच्या चटणीत ती नसते. मालवणकडचे जिभेला मुंग्या येताच ओळखतील, बाकीच्यांनी आधी दोनच घालून बघा.